कोल्हापूर प्रकरणातील बनावट पत्रे व लेख्यशुद्धीचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात हडपसर गावठाणातील एका जुन्या घराची आवराआवर चालू असता माळ्यावरील पेटाऱ्यात कागदांचा एक रुमाल निघाला. घरधन्यांनी तो कृपा करून आमच्या स्वाधीन केला. रुमालात लहानमोठे मिळून 43 कागद आहेत. त्यांपैकी बहुतेक साऱ्याच्या पावत्या, उसनवारीच्या चिठ्ठ्या व वाटणीच्या याद्या असून लिपी मोडी आहे. कागद काही देशी, काही विलायती. या सर्वांत एक पत्र मात्र निराळे आढळले. गावातील एका घराण्याच्या पूर्वजाने विधवा भावजयीची जमीन खोट्या दस्ताच्या बळावर आपल्या नावे करून घेतली, असा उघड आरोप त्यात आहे. त्या घराण्याचे वंशज आजही ह्याच गावात नांदत आहेत.

रुमाल आमच्या हाती येण्यापूर्वीच त्या पत्राचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून गावभर फिरले होते. मोडी नीट लावून पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतले नव्हते. परंतु निकाल मात्र होऊन गेला होता. कित्येकांनी आम्हांस आग्रह केला की, पत्र जसेच्या तसे नावांसह ह्या त्रैमासिकात छापावे. सत्य दडपून ठेवणे संशोधकास शोभत नाही. दुसऱ्याच दिवशी त्या घराण्यातील एक गृहस्थ, जे पूर्वी आमच्या हाताखाली शिकलेले, घरी आले. ते म्हणाले, "गुरुजी, पणजोबांच्या आधीच्या माणसाने काय केले ते मला ठाऊक नाही. पण उद्या माझ्या मुलीला शाळेत कोणी त्यावरून बोलले, तर तिने काय उत्तर द्यावे?" ह्या प्रश्नास तत्काळ देता येईल असे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

हा पेच आमच्यापुरताच नाही. कोणाच्या तरी नावाचा, कोणाच्या तरी अब्रूस लागणारा कागद हाती आला असता तो केव्हा प्रसिद्ध करावा, ह्या प्रश्नाची झळ पुण्याच्या वृत्तपत्रसृष्टीस 1881-82 सालीच लागली होती. ते प्रकरण 'कोल्हापूर प्रकरण' ह्या नावाने वाचकांस विदित आहेच. तथापि त्याची जी बाजू संग्राहकांच्या विशेष उपयोगाची, तिच्याकडे द्यावे तितके लक्ष दिले गेले नाही, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हकीकत संक्षेपाने सांगू. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्या मागे 1871 साली चौथे शिवाजी महाराज दत्तक येऊन गादीवर बसले. पुढे महाराजांस वेड लागले आहे असे ठरविण्यात आले व राज्याचा कारभार ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे पाहू लागले. महाराजांचा छळ होत आहे, वेडाचे निमित्त रचलेले आहे, अशी बोलवा सर्व महाराष्ट्रभर उठली. शिवछत्रपतींच्या वंशातील पुरुषाची अशी विटंबना व्हावी ही गोष्ट लोकांच्या जिव्हारी लागली होती, व ती तशी लागणे स्वाभाविक होते.

'केसरी' व 'मराठा' ही दोन्ही पत्रे 1881 सालच्या जानेवारीत निघाली. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर व 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. दोघेही पंचविशीच्या आसपासचे. दोन्ही पत्रांनी महाराजांची बाजू उचलून धरली व बर्व्यांवर कडक टीका केली. त्या टीकेस बर्व्यांच्या म्हणून समजल्या गेलेल्या काही खाजगी पत्रांचा आधार होता. त्या पत्रांवरून बर्वे हे महाराजांविरुद्ध कट करीत आहेत असा अर्थ निघत असे. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती लॅथम व ज्युरी यांजपुढे चालला. तेथे ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, परंतु फिर्याद मागे घेतली गेली नाही. ता. 17 जुलै 1882, शके 1804, रोजी दोघांसही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. ती त्यांनी मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात भोगली, व 101 दिवसांनी, ता. 26 ऑक्टोबर रोजी, ते सुटले. आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली, ती सर्वश्रुत आहे. खटला चालू असतानाच, मार्च 1882 मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ह्या प्रकरणाचा एक धागा आमच्या परिसरापर्यंत येतो. आरोपी संपादकांच्या जामिनाचा प्रश्न आला तेव्हा महात्मा ज्योतिराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी 10,000 रुपयांचा जामीन दिला, असे ज्योतिरावांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. ज्योतिरावांची शेती हडपसरास लागून असलेल्या मांजरी गावी होती. विष्णुशास्त्र्यांच्या मंडळीशी त्यांचे मतभेद किती तीव्र होते हे सांगावयास नको. तरीही ते ह्या प्रसंगी पाठीशी उभे राहिले. परंतु हेही ध्यानात ठेवावे की, जामीन असतो तो माणसाच्या हजेरीचा. कागदाच्या खरेपणाची हमी त्यात नसते. ती हमी ज्याने त्याने स्वतःच मिळवावी लागते, आणि कोल्हापूर प्रकरणात नेमकी तीच कच्ची राहिली.

लोकस्मृतीत 1882, 1897 व 1908 हे तिन्ही खटले एका माळेत ओवले गेले आहेत. वास्तविक त्यांत मोठा भेद आहे. 1897 साली न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे व 1908 साली न्या. दावर यांच्यापुढे टिळकांवर जे खटले झाले ते राजद्रोहाचे; तेथे फिर्यादी सरकार होते व प्रश्न राजसत्तेवरील टीकेचा होता. 1882 च्या खटल्यात फिर्यादी एक व्यक्ती होती व प्रश्न तिच्या अब्रूचा. योगायोग असा की, देशी वृत्तपत्रांवर 1878 साली लादलेला जाचक कायदा लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत 1882 सालीच रद्द झाला. सरकारने घातलेली ती बेडी गळाली त्याच वर्षी दोन संपादक सर्वांस सारख्याच लागू असलेल्या साध्या फौजदारी कायद्याने तुरुंगात गेले. हा भेद ध्यानी न घेतला तर वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास अर्धाच कळतो. राजसत्तेशी झगडून मिळवावयाचे स्वातंत्र्य वेगळे, आणि शेजाऱ्याच्या अब्रूपाशी स्वतःहून थांबण्याची मर्यादा वेगळी.

आता त्या साध्या कायद्याकडे वळू. 1860 सालच्या भारतीय दंडसंहितेतील 499 वे कलम अब्रूनुकसानीचे. त्यास अनेक अपवाद जोडलेले होते. पहिल्या अपवादाप्रमाणे केवळ विधान खरे असून भागत नाही; ते प्रसिद्ध करणे लोकहिताचेही असावे लागते. इतर कित्येक अपवाद, उदाहरणार्थ सरकारी अधिकाऱ्याच्या सार्वजनिक वर्तनावरील टीकेचा, 'सद्भाव' ह्या शब्दावर उभे आहेत. आणि सद्भाव म्हणजे मनाचा चांगुलपणा असे त्या संहितेने म्हटलेले नाही. योग्य काळजी व लक्ष न देता जे केले किंवा खरे मानले, ते सद्भावाने केले असे म्हणता येणार नाही, असा 52 व्या कलमाचा आशय होता. ता. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, अब्रूनुकसानीचे कलम 356 वे झाले. तथापि सद्भावाची ही व्याख्या कायम राहिली आहे.

टिळक-आगरकरांच्या हेतूविषयी आजवर कोणी शंका घेतलेली नाही. आम्हीही घेत नाही. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खरी होती. पुढे ता. 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला, तेव्हा ती कळकळ अनाठायी नव्हती असेच अनेकांस वाटले. परंतु महाराजांवर अन्याय झाला म्हणून बर्व्यांच्या नावाची पत्रे खरी होत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: महाराजांची दैना झाली, आणि बर्व्यांच्या नावावर त्यांनी न लिहिलेली पत्रे घातली गेली. आम्ही विद्यार्थ्यांस 101 दिवसांची गोष्ट तीस वर्षे सांगितली. पत्रे बनावट होती हे वाक्य मात्र आम्ही घाईने उरकीत असू. बर्व्यांच्या बाजूने तो प्रसंग कसा दिसला असेल याचा विचार वर्गात एकदाही केला नाही. ही आमची चूक येथे पदरात घेतो.

धर्मशास्त्राची परंपरा ह्या बाबतीत काय म्हणते ते पाहणे उद्बोधक आहे. व्यवहारप्रकरणात 'वाक्पारुष्य' म्हणून एक स्वतंत्र पद आहे. व्यंग असलेल्या मनुष्यास त्याच्या व्यंगावरून हिणवले, तर ते व्यंग खरोखर असले तरीही बोलणारा दंडास पात्र होतो, असे मनूने सांगितले आहे. याज्ञवल्क्यानेही खऱ्या, खोट्या व उपरोधिक अशा तिन्ही प्रकारच्या बोलण्यास दंड सांगितला आहे. म्हणजे सत्य एवढीच सबब पुरेशी नाही, हे तत्त्व विलायतेहून आलेले नव्हे. आमच्या स्मृतिकारांसही ते परिचित होते.

त्याहून महत्त्वाचा भाग लेख्याचा. लेखाविषयी संशय उत्पन्न झाला असता त्याची शुद्धी कशी करावी, याचे नियम याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दिलेले आहेत, व कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात राहून मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ते उलगडून सांगितले आहेत. ज्याचा लेख म्हणून म्हणतात, त्याच्या हातचे दुसरे निःसंशय लिखाण मिळवून अक्षर ताडून पाहावे. त्या देशी, त्या काळी, त्या पुरुषाकडून असा व्यवहार घडणे संभवते काय, हे पाहावे. साक्षीदार विचारावे. त्या मनुष्याच्या लेखनातील खास खुणा, आरंभीच्या श्रीकारासारख्या, ह्या लेखात आहेत काय ते तपासावे. उभयतांचा पूर्वसंबंध काय होता व ही वस्तू कोठून कशी आली, याचा शोध घ्यावा. ह्या कसोट्या वाचल्यावर आमच्यापैकी कोणत्याही दप्तरसंग्राहकास घरचीच भाषा ऐकल्यासारखे वाटेल. 1872 सालच्या पुराव्याच्या कायद्यानेही तीस वर्षांहून जुना कागद खरा मानण्याची मुभा न्यायालयास दिली, ती तो 'योग्य ताब्यातून' आला असेल तरच. कागद कोणाच्या पेटीतून निघाला हे विचारणे जितके न्यायाधीशाचे काम, तितकेच संशोधकाचे.

मग 1881 साली पुण्यात ही कसोटी कोणास माहीत नव्हती काय? जुने कागद छापण्याची आवड तर होती. 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक 1878 सालीच सुरू झाले होते व त्याच्या चालकांत विष्णुशास्त्री होते. परंतु अस्सल कोणते, नक्कल कोणती, बनावट कोणते, ह्याचे शास्त्र मराठीत बांधले गेले ते पुढे. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला व पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते 1910 साली. कोल्हापूर प्रकरणातील पत्रे ह्या शिस्तीच्या आधीची. इतिहासाच्या कागदास जी चौकशी पुढे लावली जाऊ लागली, ती चालू राजकारणाच्या कागदास त्या दिवशी लावली गेली नाही. जुना कागद खोटा निघाला तर एखादा निबंध फुकट जातो. चालू काळचा कागद खोटा निघाला तर जिवंत माणूस पोळतो. ह्यावरून कडक चौकशीची गरज दुसऱ्या ठिकाणी अधिक, हे उघड आहे.

अलीकडच्या न्यायनिर्णयांनी ह्या विचारास बळकटी आणली आहे. 1994 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका तमिळ नियतकालिकाचे प्रकरण आले. एका शिक्षा झालेल्या कैद्याचे आत्मचरित्र छापण्यास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली होती. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू सरकार ह्या नावाने तो निर्णय प्रसिद्ध आहे. न्यायालयाने सांगितले की, अब्रूस बाध येईल ह्या भीतीने सरकार अथवा अधिकारी छपाई आधीच रोखू शकत नाहीत. प्रत्येकास आपले घर, विवाह, कुटुंब इत्यादींविषयी एकांताचा अधिकार आहे व संमतीवाचून त्याविषयी छापता येत नाही. मात्र न्यायालयाच्या कागदांसह सार्वजनिक दप्तरात जे नमूद आहे ते, काही अपवाद सोडून, छापता येते. अधिकाऱ्याच्या अधिकारातील कृत्यांविषयी लिहिलेले खोटे निघाले, तरी सत्याची पर्वा न करता ते छापले असे सिद्ध झाल्याखेरीज त्याबद्दल नुकसानभरपाई मिळत नाही. वृत्तपत्राने वाजवी पडताळणी करून छापले एवढे दाखविले म्हणजे पुरे. पुढे ता. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकांताचा अधिकार मूलभूत असल्याचे एकमताने ठरविले. फौजदारी अब्रूनुकसानीचा कायदा मात्र 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला असून तो आजही चालू आहे.

बर्वे हे कारभारी होते व आरोप त्यांच्या कारभाराविषयी होता. 1994 चा दंडक 1882 सालच्या संपादकांस कोणी लावून पाहिला, तर सर्व वाद एका प्रश्नावर येऊन ठेपतो: पडताळणी वाजवी होती काय? म्हणजे शंभर वर्षांनी न्यायालयाने वृत्तपत्रास जी ढाल दिली, तीही पडताळणीच्याच धातूची आहे. ह्यास कोणी स्वातंत्र्याचा संकोच म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. मूळ कागद पाहणाऱ्या संपादकास भिण्याचे कारण कमी उरते, व ज्याच्यावर लिहावयाचे त्या अधिकाऱ्यास दडण्यास जागा कमी उरते. 1882 साली बनावट पत्रांमुळे बर्व्यांची अब्रू तर पणास लागलीच. शिवाय महाराजांविषयीची खरी तक्रारही त्या खोट्या कागदांखाली दबून गेली. बनावट कागद ज्याच्या बाजूने पुढे केला जातो, त्याचेही नुकसान करून जातो.

आता आमच्या रुमालाकडे वळतो. मृत मनुष्याविषयी लिहिलेल्या मजकुरानेही, त्याच्या कुटुंबीयांच्या भावना दुखविण्याचा हेतू असेल तर, अब्रूनुकसानी होऊ शकते, असे कायद्याचे स्पष्टीकरण आहे. आमचा हेतू तसा नाही. परंतु हेतूवर विसंबणे पुरत नाही हे वर सांगितलेच. म्हणून आम्ही वर दिलेल्या कसोट्या एकेक करून लावून पाहिल्या. पत्रावर मिती नाही, शिक्कामोर्तब नाही, लिहिणाराचे नावही नाही. मजकूर पेशवाई चालू असता लिहिल्यासारखा आहे. परंतु कागद उजेडासमोर धरला असता त्यातील विलायती जलचिन्हात 1846 हा आकडा दिसतो. तेव्हा हा कागद मूळ नव्हे, हे निश्चित. तो एखाद्या खऱ्या अर्जाची मागाहून केलेली नक्कल असेल किंवा नंतरच्या भांडणात रचलेले कुभांड असेल. एवढ्या एका कागदावरून निर्णय होत नाही.

हे सर्व आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्यास घरी बोलावून दाखविले, व नावे छापणार नाही असे सांगितले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. आठ दिवसांनी ते आपल्या घरची एक लाकडी पेटी घेऊन आले. तीत त्याच घराण्याचे एक वाटणीपत्र निघाले, मितीचे व साक्षीदारांच्या निशाण्यांचे. त्यात ती जमीन त्या पूर्वजाकडे गेल्याचे आहे, आणि भावजयीस हयातीपर्यंत दरसाल ठरावीक धान्य द्यावे असेही आहे. म्हणजे आरोप सर्वस्वी खोटा नाही व सर्वस्वी खराही नाही. धान्य प्रत्यक्षात पोचले किंवा नाही, हे ठरविण्यास पावत्या पाहिजेत. रुमालातील पावत्यांचे वाचन चालू असून त्यांपैकी दोन धान्याच्या आहेत. त्या कोणाच्या हे लावून पाहावयाचे आहे.

पत्र आम्ही घाईने छापले असते तर ती पेटी आमच्यापुढे कधीच उघडली नसती. ज्या घरास आधी विचारले त्या घराने आपला कागद स्वतः आणून दिला, हा अनुभव आमच्या संग्राहक मित्रांनी ध्यानात ठेवावा अशी विनंती आहे. वंशजांनी दोन्ही कागद पावत्यांच्या वाचनासह एकत्र छापण्यास संमती दिली आहे. नावे द्यावयाची किंवा नाहीत हे वाचन पुरे झाल्यावर तेच ठरवतील. तोवर रुमाल व वाटणीपत्र ही दोन्ही कोणत्या घरातून, केव्हा व कोणाच्या हस्ते आली याची नोंद करून वेगवेगळी बांधून ठेवली आहेत. ज्यांच्याकडे हडपसर, मांजरी अथवा फुरसुंगी येथील त्या काळचे धान्याच्या देण्याघेण्याचे कागद असतील, त्यांनी ते पाहावयास मिळतील असे केल्यास आम्ही उपकृत होऊ.